नेकला पीळ पडला, तर त्याच आठवड्यात कळवा

प्रश्न : मी एकट्याने बेस गिटार बनवतो. लाकूड निवडण्यापासून शेवटच्या सेटअपपर्यंत सगळं माझ्याच हातचं. वर्षाला दहा-बारा वाद्यं होतात, ऑर्डरी त्याहून जास्त येतात. कामाबद्दल आजवर एकाचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती मी उत्तरं देत नाही याबद्दल. एका ग्राहकाला पाच तारांची बेस दहा महिन्यांत देण्याचा शब्द मी दिला होता. सातव्या महिन्यात, नेक (गिटारचा लांब दांडा) कोरून झाल्यावर तिला पीळ पडला. ती बाजूला टाकून मी नवी सुरू केली. त्यात दोन महिने गेले आणि त्याला कळवायचं राहून गेलं. त्याचे दोन मेल आले, त्यांना ‘काम चालू आहे, लवकरच होईल’ एवढं लिहिलं. तिसऱ्याला उत्तर दिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता बारावा महिना आहे, बेस फिनिशला आली आहे आणि त्याने ॲडव्हान्स परत मागितला आहे. मी पैसे घेऊन गप्प बसतो, असं तो चारचौघांत सांगतोय. पीळ पडलेली नेक तशीच लावून वेळेत दिली असती तर बरं झालं असतं का? माझं काम बोलेल, असं मी धरून चाललो होतो. उत्तरं द्यायला एखादा माणूस ठेवू का? आणि या ग्राहकाचं काय करू?
– एक बेस-कारागीर

उत्तर : ती नेक तुम्ही टाकून दिलीत हे योग्यच केलंत. चार तारांचा मिळून ताण पाऊणशे-ऐंशी किलोच्या घरात जातो, पाचवी चढली की नव्वदच्या आसपास. हा भार वर्षानुवर्षं नेकने पेलायचा असतो. लांबीच्या दिशेने बाक आला तर ट्रस रॉड (नेकच्या आत बसवलेली धातूची दांडी) फिरवून काढता येतो, पीळ त्याने निघत नाही. आणि लाकडाच्या पोटात काय आहे हे कोरल्याशिवाय कुणालाच कळत नाही. वरचा थर निघाला की आत दबलेला ताण मोकळा होतो आणि लाकूड हलतं. म्हणून तर जाणते कारागीर नेक अर्धी कोरून काही आठवडे नुसती ठेवतात, ती काय करते ते बघतात आणि मगच पुढचा हात घालतात.

आता विचार करा, वरचा हा मजकूर तुम्ही सातव्या महिन्यात त्या ग्राहकाला लिहून पाठवला असता तर? सोबत टेबलावर ठेवलेल्या त्या नेकचा एक फोटो, दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवलेल्या, आणि एक पट्टी दुसरीशी तिरकी झालेली स्पष्ट दिसतेय. तो दिवसभर हळहळला असता, आणि मग तो फोटो त्याने आपल्या बँडमधल्या सगळ्यांना दाखवला असता. दुकानात टांगलेली बेस त्याला त्याच दिवशी मिळाली असती. ती सोडून तो तुमच्याकडे आला तो याचसाठी, की नेक हलली तर टाकून देणारा माणूस त्याला हवा होता. त्याने ज्यासाठी तुम्हाला निवडलं, नेमकं तेच तुम्ही त्याला दिसू दिलं नाहीत.

‘सांगण्यासारखं काही नव्हतं’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. सांगण्यासारखं भरपूर होतं. फक्त ते वाईट होतं, म्हणून तुम्ही ते चांगलं होण्याची वाट बघत बसलात. हे मी बऱ्याच गुणी कारागिरांच्या बाबतीत पाहिलं आहे. नवी नेक जमली की मग एकदमच कळवू, असं मनात असतं. मधल्या काळात मेल येतो, तो उघडून बंद केला जातो, आणि जितके दिवस जातात तितकं उत्तर लिहिणं जड होत जातं. शेवटी काम दोन ओळींचंच उरलेलं असतं, पण त्या दोन ओळी लिहायला हात धजत नाही.

आता त्याच्या बाजूने बघा. ऑर्डर द्यायच्या आधी त्याने तुम्हाला डझनभर तरी प्रश्न विचारले असतील. बॉडीला ॲश की अल्डर, फ्रेटबोर्डला मेपल की रोजवूड, पिकअप (तारांचं कंपन टिपणारे) कुठे बसवायचे, प्रीअँप (आवाज वाढवणारं आतलं सर्किट) हवा की नको. त्या सगळ्यांना तुम्ही रात्री जागून, मन लावून उत्तरं दिली असणार, कारण तो विषय तुमच्या जिवाचा आहे. मग त्याने पैसे दिले, आणि तुम्ही शांत झालात. तुमच्या दृष्टीने बोलणं संपलं आणि काम सुरू झालं. त्याला मात्र इतकंच दिसलं, की पैसे पोचले आणि बोलणं थांबलं. हातात ना वाद्य, ना फोटो, ना तारीख. एकट्या माणसाच्या कार्यशाळा अचानक बंद पडल्या आणि रांगेतल्यांचे पैसे अडकले, असं या धंद्यात घडलेलं आहे आणि वाजवणारे लोक एकमेकांना ते सांगत असतात. कामात बुडालेला कारागीर आणि पैसे बुडवणारा माणूस, मेलबॉक्समधून दोघे अगदी सारखे दिसतात. त्याने वाईट अर्थ काढला याचा राग मानू नका. तुम्ही त्याला दुसरा अर्थ काढायला काही दिलंच नव्हतं.

‘लवकरच होईल’ हे उत्तर धरू नका. त्यात कारण नाही, तारीख नाही, पुढे काय होणार याचा पत्ता नाही. त्यापेक्षा असं लिहा : ‘तुमच्या बेसची नेक कोरल्यावर पिळली, ती मी वापरणार नाही. नवी सुरू केली आहे. साधारण दोन महिने पुढे जातील, म्हणजे डिसेंबरऐवजी फेब्रुवारीची अखेर धरा. नवी नेक सरळ राहतेय की नाही हे येत्या वीस तारखेला कळेल, त्या दिवशी मी तुम्हाला पुन्हा लिहीन. तेवढं थांबणं शक्य नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, ॲडव्हान्सचं आपण बोलू.’ यात माफीचा पाल्हाळ नाही, मुलाच्या परीक्षा नाहीत, पाठदुखी नाही. काय झालं, मी काय केलं, किती वेळ वाढला, पुढचा निरोप कधी येईल, आणि तुमच्या हातात काय आहे, एवढंच आहे.

यातल्या त्या वीस तारखेला तुम्ही खरंच लिहायचं आहे. नेक तयार असो वा नसो, त्या दिवशी मेल गेलाच पाहिजे. ‘अजून हलतेय, आणखी दहा दिवस बघतो’ असं लिहावं लागलं तरी चालेल. बेस दोन महिने उशिरा आली तर माणूस विसरतो. वीस तारखेला येणारा मेल आला नाही, हे तो विसरत नाही.

तुम्ही म्हणाल, लिहायला वेळ कुठून आणू? हाताला गोंद लागलेला असताना फोन वाजला की चिडचिड होते हे मला मान्य आहे, आणि लाकूड कोरणारं राउटर यंत्र चालू असताना तर लक्ष विचलित होणं धोक्याचंच आहे. म्हणून दिवसभर उत्तरं देत बसा असं मी मुळीच म्हणत नाही. आठवड्यातला एक ठरलेला वेळ पत्रांसाठी ठेवा आणि तो ऑर्डर घेतानाच प्रत्येकाला सांगा : ‘मी शुक्रवारी दुपारी उत्तरं देतो, इतर दिवशी हत्यारं हातात असतात.’ एवढं सांगितलेलं असलं की मंगळवारी पाठवलेल्या मेलची कुणी बुधवारी वाट बघत नाही. शिवाय प्रत्येक वाद्याला चार-पाच टप्पे असतातच : लाकूड निवडलं, बॉडी कापली, नेक कोरली, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसले, फिनिश सुरू झालं. टप्पा झाला की एक फोटो आणि एक ओळ. जे स्वतःहून कळवतात त्यांना ‘कुठवर आलं?’ असं फार कमी जण विचारतात, आणि तुमचा शुक्रवारही हलका होतो.

माणूस ठेवण्याबद्दल. ज्याला काम कळत नाही असा माणूस ठेवलात तर त्याचं प्रत्येक उत्तर ‘विचारून सांगतो’ असं असेल, आणि ग्राहकाला एकाऐवजी दोघांची वाट बघावी लागेल. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९८३ साली फोडेरा गिटार्स सुरू झाली ती विनी फोडेरा आणि जोई लॉरिसेला या दोघांनी मिळून. एक कारागीर, तर दुसरा स्वतः बेस वाजवणारा. वाजवणाऱ्याशी वाजवणाऱ्याच्या भाषेत बोलू शकणारा असा कुणी जोडीदार मिळाला तर जरूर घ्या. पण वर्षाला दहा-बारा वाद्यांसाठी तो आधी लागत नाही. आधी शुक्रवारची सवय लावा. ती लागली नाही तर माणूस ठेवूनही हेच होईल, कारण नेक पिळल्याचं त्या माणसालाही तुम्हीच सांगायचं आहे.

खरं तर तुमचा निम्मा त्रास तुम्ही शब्द देता त्या दिवशी सुरू होतो. दहा महिने हा आकडा तुम्ही कशावरून काढलात? मला वाटतं, सगळं सुरळीत झालं तर जेवढे लागतील तेवढे सांगितलेत. सगळं सुरळीत होत नसतं. लाकूड हलतं, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) किंवा पिकअप पाठवणारा उशीर करतो, नायट्रोसेल्युलोज लॅकर मारलं तर ते पुरतं बसून पॉलिश करण्याजोगं व्हायला काही आठवडे जातात आणि हवा दमट असली तर आणखी. मागच्या काही वाद्यांच्या सुरू होण्याच्या आणि पाठवण्याच्या तारखा काढा. त्यातल्या सगळ्यात रखडलेल्या वाद्याला जेवढे महिने लागले तेवढे इथून पुढे सांगा. काही ग्राहक ऐकूनच निघून जातील. जाऊ द्या. राहतील ते हे ऐकून राहिलेले असतील, आणि एखादी बेस लवकर झाली तर त्यांना आनंदच होईल. रांग फार लांबली तर नव्या ऑर्डरी काही काळ बंद ठेवा. नवा ॲडव्हान्स घेऊन जुन्या बेसचं लाकूड आणायची वेळ तुमच्यावर आलेली नाही असं मी धरते. आली असेल तर ती आजच थांबवा, बाकीच्या सगळ्या सल्ल्याच्या आधी. प्रत्येकाची आगाऊ रक्कम त्याच्या वाद्याचं सामान येईपर्यंत वेगळी ठेवा, म्हणजे कुणी परत मागितली तर तोंड लपवावं लागणार नाही.

आता त्या बोलण्याविषयी, जे करवत चालवायच्या आधी झालं पाहिजे. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण इथे चुकलेलं नंतर कितीही गोड मेल लिहून भरून निघत नाही. बेसवादक अँथनी जॅक्सन यांनी खालच्या ‘बी’पासून वरच्या ‘सी’पर्यंत लावलेल्या सहा तारांच्या बेसची कल्पना मांडली आणि कार्ल थॉम्पसन यांनी १९७५ मध्ये ती त्यांच्यासाठी घडवली. तरी जॅक्सनना ती पुरती पटली नाही. तारांमधलं अंतर त्यांना फार कमी वाटलं. पुढे केन स्मिथ आणि मग फोडेरा या कारागिरांबरोबर वर्षानुवर्षं बोलत, वाजवून बघत, दुरुस्त करत त्या वाद्याला हवं ते रूप आलं. थॉम्पसन निष्णात कारागीर होते, तरीही वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताच्या बोटांना काय हवं आहे ते वाद्य हातात आल्यावरच उघड झालं. तुमच्याकडे मात्र पन्नास वर्षांचा अनुभव आयता पडलेला आहे, तर विचारून घ्या.

पाच तारांच्या बेसमध्ये ब्रिजपाशी दोन तारांत १७ मिलिमीटर ठेवले की १९, यावर पहिल्यापासून पाचव्या तारेपर्यंत आठ मिलिमीटरचा फरक पडतो. अंगठ्याने तारांवर ठोके मारून वाजवणाऱ्याला १९ लागतात, बोटांनी जलद धावणाऱ्याला ते दूर वाटू शकतात. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच की ३५? तीच तार त्याच सुरात ३५ इंचांवर लावली तर ताण साधारण सहा टक्क्यांनी वाढतो आणि खालचा ‘बी’ (सगळ्यात जाड तार) जास्त घट्ट वाजतो, पण पहिल्या फ्रेटजवळ डाव्या हाताला जास्त ताणावं लागतं. वजन किती चालेल? ‘हलकी हवी’ असं प्रत्येक जण म्हणतो. किलोत विचारा. कारण चार किलो आणि पावणेपाच किलो यांतला फरक दोन तास उभं राहून वाजवल्यावर खांद्याला कळतो. त्याची आत्ताची बेस मोजून घ्यायला सांगा, नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे) नेक किती रुंद आहे, तारांची अंतरं किती, वजन किती, आणि त्यातलं काय आवडतं, काय खुपतं. ही सगळी उत्तरं एका पानावर उतरवा, ते पान त्याला पाठवा आणि त्याचा लेखी होकार आल्याशिवाय लाकडाला हात लावू नका. इतक्या महिन्यांनी ‘मी तर असं म्हटलं होतं’ हा वाद झाला, तर ते पान दोघांनाही वाचवेल. मध्येच कुणी पिकअप बदलायला सांगितले, तर बदल करता येईल का, त्याने किती आठवडे वाढतील आणि पैसे किती वाढतील हे त्याच पानावर जोडून पुन्हा होकार घ्या. बॉडीत पिकअपची खाच पडल्यानंतर ‘नाही’ म्हणायला संकोचू नका.

परदेशी ग्राहक असतील तर लाकडाच्या कागदपत्रांचंही त्या पहिल्या बोलण्यातच सांगून टाका. २ जानेवारी २०१७ पासून रोजवूडच्या सगळ्या जाती आणि बुबिंगा हे लाकूड साइट्स या धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आलं, तेव्हा तयार वाद्य सीमेपार पाठवायलाही परवाना लागू लागला आणि कितीतरी वाद्यं रखडली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवूडला मात्र ती नाही, ते १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे. कस्टमचा भार कुणी उचलायचा, वाटेत मोडतोड झाली तर विमा कुणाचा, हेही आधीच ठरवा. पार्सल अडकल्यावर ठरवायला गेलात तर ते भांडणच होतं.

आणि वाद्य पोचल्यावर आठवड्याभराने स्वतःहून विचारा. नवी नेक नव्या हवेत गेली की थोडी हलतेच, मग तारा वर जातात किंवा फ्रेटवर खरखरतात. ग्राहकाला वाटतं बेस बिघडली आणि तुमच्याकडून फसवणूक झाली. ट्रस रॉड कुठल्या बाजूला आणि किती फिरवायचा, पाव फेऱ्याच्या वर एका वेळी का जायचं नाही, तारा सुरात ठेवून पहिली आणि शेवटची फ्रेट दाबली की मध्ये फट किती दिसली पाहिजे, हे एका कागदावर लिहून केसमध्येच ठेवा.

दररोज मेल करणारे ग्राहकही असतात, त्यांचाही उल्लेख हवा. सगळी चूक कारागिराचीच असते असं मी म्हणणार नाही. काही जणांना वाट बघणं जमतच नाही आणि पाच टप्प्यांचे पाच फोटो पाठवूनही ते सहावा मागतात. त्यांना तुमचा शुक्रवार ठामपणे सांगा आणि पाळा. पहिल्याच बोलण्यात कुणी वीस वेळा विचार बदलला, तर ती ऑर्डर घेऊ नका. नाही म्हणणं हाही सौजन्याचाच भाग आहे, पैसे घेण्याआधी म्हटलं तर.

आता तुमच्या या ग्राहकाकडे येऊ. त्याच्याशी चारचौघांत वाद घालू नका. नेकची गोष्ट तिथे सांगायला गेलात तर ती आता सबब वाटेल. त्याला थेट लिहा, शक्य असेल तर आधी फोन करा आणि मग तेच लिहून पाठवा. सातव्या महिन्यात काय झालं ते सांगा, तेव्हा कळवायला हवं होतं आणि मी कळवलं नाही असं सरळ लिहा, ‘पण’ न जोडता. पीळ पडलेली नेक अजून ठेवली असेल तर तिचा फोटो पाठवा. मग दोन वाटा त्याच्यापुढे ठेवा. एक, संपूर्ण ॲडव्हान्स परत, अमुक तारखेला, काही न कापता. तयार झालेली बेस तुम्ही दुसऱ्या कुणाला विकू शकता, रांग तर तुमच्याकडे आहेच. दोन, बेस त्याचीच, अमुक तारखेला रवाना, आणि ती पोचल्यावर महिनाभर वाजवून पाहायची मुभा, नाही पटली तर परत घेईन. निवड त्याची. पैसे मागितले तर वळवायचा प्रयत्न करू नका, त्याच तारखेला पाठवा. त्याने चारचौघांत लिहिलेलं मागे घ्यावं अशी अट यातल्या कशालाही जोडू नका.

तारीख देताना फिनिश पूर्ण बसायला लागणारे दिवस त्यात धरा. उशिराची भरपाई म्हणून ओलं लॅकर पॉलिश करायला घेतलंत, तर नेक टाकून वाचवलेलं सगळं तिथे घालवाल.

आणि रांगेतल्या बाकीच्यांनाही याच आठवड्यात लिहा. कुणाचं वाद्य कुठवर आलं आहे, नवी तारीख काय. ज्यांनी अजून काहीच विचारलेलं नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा.